चेहऱ्याच्या आधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी आणि महालाच्या गल्ल्यांतून मारबती निघतात. काळी मारबत १८८१पासूनची सांगतात, पिवळी १८८५पासूनची. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, त्यावर रंग. या भल्यामोठ्या बाया डोलत डोलत येतात, पुढेमागे वाजंत्री आणि माणसांचा लोंढा असतो, आणि रोगराई, इडापीडा, जे काही वाईट असेल ते घेऊन जा, असं लोक ओरडून सांगत असतात. सोबत बडगे, म्हणजे पुतळे, असतात. बडग्याचा विषय दर वर्षी नवा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी वर्षभर बातम्यांत गाजलेला एखादा पुढारी. शेवटी सगळ्यांना जाळतात.

सण म्हणून, लोकश्रद्धा म्हणून, राजकीय टीका म्हणून मारबतीवर पुष्कळ लिहिलं गेलं. काळ्या मारबतीचा संबंध कुणी भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी आणि इंग्रजांना सामील झाल्याच्या कथेशी जोडतात, कुणी पूतनेशी. पण चित्र काढणाऱ्याच्या नजरेने तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तिला घडवणाऱ्यांपुढच्या अटी बघा. आकृती गर्दीच्या डोक्यांवरून दिसली पाहिजे. अरुंद गल्लीत वळली पाहिजे. भादव्याची सर आली तरी उभी राहिली पाहिजे. गॅलरीतल्या आजीला आणि बापाच्या खांद्यावरच्या पोराला तिचा स्वभाव एका क्षणात कळला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे दर वर्षी नव्याने बांधूनही ती गेल्या वर्षीचीच वाटली पाहिजे. ॲनिमेशनच्या स्टुडिओत पगार घेऊन बसलेली माणसं याच अटी सांभाळतात आणि त्याला कॅरेक्टर डिझाइन म्हणतात. नागपूरने हे काम वर्गणी काढून केलं.

हातातलं पुस्तक नागपुरात इलस्ट्रेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने घडवलेल्या पात्रांचं आहे. पात्रांच्या शेजारी त्यांच्यामागचा विचार आहे, आणि मला तो चित्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिचं नाव मुखपृष्ठावर आहेच, इथे मी तिला चित्रकर्ती म्हणेन. हा विषय मराठी वाचकाला पूर्ण अनोळखी नाही. लहानपणापासून तो या पात्रांच्या संगतीतच वाढला आहे. मात्र ती पात्रं कशी घडतात यावर मराठीत फार थोडं लिहिलेलं सापडतं, म्हणून पुस्तकाकडे वळण्याआधी थोडं लांबून येतो.

शाळेत चित्रकलेत बऱ्या असलेल्या मुलाला आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. बसस्टॉप, भाजीबाजार, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, क्रिकेट खेळणारी मुलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या माणूस काढायला इथेच शिकल्या. या पेपराने हात तयार होतो, गर्दीची मांडणी समजते, पुढचा माणूस मोठा आणि मागचा लहान हे अंगवळणी पडतं. पण बसस्टॉपवरच्या त्या सहा जणांत फरक काय? एकाच्या हातात छत्री, दुसऱ्याच्या हातात पिशवी. छत्री आणि पिशवी पुसून टाकली तर सहाही जण एकच. मास्तरही खोडत नाहीत, कारण पेपराला तेवढंच हवं असतं. कॅरेक्टर डिझाइनची सुरुवात नेमकी इथून होते. छत्री काढून घेतल्यावरही हा माणूस छत्रीवालाच वाटला पाहिजे, तर त्याचे खांदे कसे असतील?

या कामाची एक रीत जगभर रुळली आहे. आधी नखाएवढी पुष्कळ रेखाटनं, ज्यांना मुलं थंबनेल म्हणतात. मग आकृती पूर्ण काळी भरून बघायची. आत डोळे-नाक-तोंड काहीच नसताना ती ओळखू येते का? या सिल्हूटच्या परीक्षेत बहुतेक पात्रं नापास होतात. पास झालं तर प्रमाण ठरवायचं: डोकं उंचीत किती वेळा बसतं, हात गुडघ्यापर्यंत येतात की कमरेशीच थांबतात. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून काढायचं, हा टर्नअराउंड. मग राग, लाज, कंटाळा, खोटं हसू यांचा तक्ता. शेवटी मॉडेल शीट, जी पाहून दुसऱ्या कुणालाही ते पात्र बिनचूक काढता यावं. यातला 'दुसऱ्या कुणालाही' हा भाग बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. चित्रकार आपल्या चित्राचा एकटा मालक असतो. पात्र घडवणाऱ्याला मात्र ते परक्या हातांत द्यायचं असतं, त्या हातांनी शेकडो वेळा काढूनही ते मरू नये अशा बेताने.

आपल्या परंपरेत याचा विचार किती जुना आहे, हे या शाखेच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार दिले आहेत. हंस १०८ अंगुळांचा, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९० अंगुळांचा. डोळ्यांचेही पाच आकार आहेत: धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, पद्मपत्रासारखा वगैरे. गंमत अशी की हे आकार माणसांपेक्षा मनःस्थितींना वाटलेले आहेत. ध्यानात बसलेल्याचा डोळा वेगळा, घाबरून रडणाऱ्याचा वेगळा. आजच्या एक्स्प्रेशन शीटचा हा पूर्वज आहे. नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, असंही तिथे मार्कंडेय राजा वज्राला बजावतो. हे वाक्य मला फार खोल वाटतं. हालचाल ठाऊक नसलेल्या माणसाने काढलेली आकृती कितीही देखणी असली तरी ती उभी असते, थांबलेली नसते.

नाट्यशास्त्राने रसांना रंग दिले: हास्याला पांढरा, रौद्राला लाल, भयानकाला काळा, अद्भुताला पिवळा. भयाला काळा आणि अद्भुताला पिवळा हे वाचून नागपूरकराच्या डोळ्यांपुढे लगेच दोन मारबती उभ्या राहतील. त्यामागे थेट नातं असेल असं मी म्हणत नाही. रंगाला अर्थ चिकटवण्याची सवय मात्र किती मुरलेली आहे, ते यातून दिसतं, आणि त्या सवयीकडे मला पुढे परत यायचं आहे.

शास्त्राच्या बाहेर लोकांनी आपापली उत्तरं काढली. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रं एकामागून एक उचलून दाखवत कथा सांगत आले. पन्नासाव्या चित्रातला रावण पहिल्या चित्रातलाच आहे हे मागच्या रांगेतल्या माणसाला कळावं, म्हणून मुकुट, डोळ्याचा आकार आणि उभं राहण्याची ढब पक्की केलेली. वारल्यांनी त्याहून मोठी झेप घेतली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक ठिपका, चार रेघा, झाला माणूस. चेहरा नाहीच. तरीही जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रात कोण थकलंय, कोण तालात आहे आणि कोण नुसतंच रांगेत सामील झालंय, हे लख्ख कळतं. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात उलटा प्रकार: तिथे सगळा भार मुखवट्यावर, आणि मुखवट्याचे भाव बदलत नसल्यामुळे मग चालीवर.

छापखाना आल्यावर पात्राला नवी सक्ती आली. त्याला आता रोज, ठरलेल्या वेळेला हजर राहावं लागू लागलं. रुडॉल्फ टॉफर नावाच्या जिनिव्हातल्या शाळामास्तराने १८४५ मध्ये चेहऱ्याच्या रेघांवर एक निबंध लिहिला. नाकाची रेघ जराशी हलवली की माणसाचा स्वभाव बदलतो, हे त्याने चित्रं काढून दाखवलं. व्यंगचित्राच्या कित्येक पिढ्या त्या निबंधाच्या व्याजावर जगल्या असं म्हणायला हरकत नाही. विसाव्या शतकात ठळक घराणी झाली. डिस्नीचा मिकी १९२८चा, वर्तुळांतून घडलेला, कारण वर्तुळ भराभर काढता येतं आणि कुठूनही वळवता येतं. काळ्या अंगावर काळे हात दिसेनात म्हणून त्याला पांढरे हातमोजे आले. एर्जेचा टिनटिन १९२९चा. त्याच्या कपाळावरचा तुरा पहिल्याच गोष्टीत भरधाव मोटारीतल्या वाऱ्याने उभा राहिला, तो पुन्हा खाली बसलाच नाही. जपानात ओसामु तेझुकाच्या ॲस्ट्रो बॉयच्या डोक्यावरची केसांची दोन टोकं कोणत्याही बाजूने पाहिलं तरी दोन्ही दिसतात, तसं प्रत्यक्षात होऊच शकत नाही. अमेरिकेत यूपीए स्टुडिओने १९५०च्या सुमारास गोलाई टाकून सपाट, कोनदार आकार पत्करले आणि डिस्नीच्या गोडव्याला शह दिला. हातमोजे, तुरा, केसांची टोकं या सगळ्या कामाच्या ओघात सुचलेल्या गोष्टी आहेत. आज नागपुरातलं सतरा वर्षांचं मूल वहीच्या मागच्या पानावर जे डोळे काढतं, ते तेझुकाच्या वंशावळीतले असतात. यात वाईट काही नाही. फक्त तो डोळा तिथे का मोठा झाला, हे त्याला ठाऊक नसतं, आणि मग मोठा डोळा ही एक चाल उरते.

मराठी मुद्रणसृष्टीची कहाणी याहून रंगतदार आहे. दिवाळी अंकांच्या सुगीच्या काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी घराघरांत माणसं पोचवली. मुळगावकरांचा हात अप्रतिम होता, पण त्यांची अप्सरा, त्यांची देवी आणि त्यांची पाणवठ्यावरची तरुणी एकाच घरच्या लेकी वाटतात. ते सौंदर्याचं चित्रण होतं, व्यक्तीचं नव्हे. व्यक्ती सापडली ती व्यंगचित्रकारांना. शि. द. फडणीस यांचं 'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ आठवा: तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. दोघांच्या चेहऱ्यावर जवळजवळ काही नाही. सगळी भानगड कापडावर चालू आहे. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर. जयवंत दळवी 'ललित'मध्ये ठणठणपाळ या नावाने साहित्यिकांच्या टोप्या उडवत होते, आणि नावामागच्या माणसाचा चेहरा दाखवायचा नव्हता. सरवट्यांनी त्याला हातोडा दिला आणि वाचकांनी ठणठणपाळ प्रत्यक्ष भेटल्यासारखा ओळखला. आमच्या विदर्भात चंद्रपूरच्या मनोहर सप्रे यांनी व्यंगचित्रांसोबत टाकाऊ लाकडात माणसं आणि प्राणी शोधले. ओंडक्यात आधीच असलेला वाक ओळखायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही त्यांची रीत. पात्र घडवू पाहणाऱ्याने कागदाइतकाच लाकडाचाही अभ्यास करावा.

आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'ची जन्मकथा मला या सगळ्यांत सर्वांत उपयोगी वाटते. चित्रात सगळा देश दिसावा म्हणून ते सुरुवातीला बंगाली, पंजाबी, तमिळ अशी निरनिराळी माणसं काढत. अंक छापायला जायची वेळ तर ठरलेली. माणसं एकेक करून गळत गेली आणि शेवटी चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला एक म्हातारा उरला, जो कधी बोलत नाही. घाईने गाळणी केली आणि गाळणीतून पात्र निघालं.

मुलांच्या वाट्याला आलेल्या पात्रांत मराठी हात किती होते, हेही नोंदवायला हवं. 'टिंकल'चा सुप्पंडी राम वाईरकरांनी काढला, शिकारी शंभू वसंत हळबे यांनी, कालिया कावळा प्रदीप साठे यांनी. शंभूची टोपी डोळ्यांवर ओढलेली असते. त्याचे डोळे आपण कधी पाहतच नाही. भित्रा माणूस शूर म्हणून गाजतोय, तर त्याची नजर झाकलेलीच बरी! एका टोपीने विनोद, स्वभाव आणि ओळख तिन्ही कामं केली. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला आणि तीन चौकटींतला मराठी मध्यमवर्गीय मुलगा बरीच वर्षं सकाळच्या चहाबरोबर भेटत राहिला. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतली मुलं याहून शांत. त्यांना ठळक खूण नसते, तरी यश हा यशच असतो, कारण त्याचं बसणं, रुसणं आणि आईच्या अंगाला चिकटणं बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं आहे. ठळक खुणेशिवाय पात्र उभं करणं हे या कलेतलं सर्वांत कठीण काम, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

आता रंगाच्या त्या सवयीकडे येतो. पात्र घडवणं म्हणजे अतिशयोक्ती, आणि अतिशयोक्तीत निवाडा दडलेला असतो. खलनायक काळा, राक्षसाचं नाक रुंद, विनोदी माणूस जाडा, मोलकरणीचे दात पुढे, हे आपण इतक्या वेळा काढलं की ते स्वाभाविक वाटू लागलं. 'अमर चित्र कथे'तल्या गोऱ्या नायकांवर आणि सावळ्या असुरांवर अभ्यासकांनी टीका केली, ती बरोबरच होती; त्या कॉमिक्सवर वाढलेल्या मला ती पटायला जड गेली एवढंच. कुणाच्या शरीराला कोणता अर्थ द्यायचा, हा प्रश्न नागपुरात टाळता येत नाही. हे दीक्षाभूमीचं शहर आहे. १९५६ साली इथे लाखो माणसांनी स्वतःविषयी दुसऱ्याने ठरवलेलं चित्र नाकारलं.

या प्रश्नाचं एक देखणं उत्तर गोंड चित्रकारांकडून आलं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता. पण इथल्या चित्रकलेच्या वर्गांत गोंड चित्र पाहुणं म्हणून येतं, कार्यशाळेपुरतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर चितारलेलं 'भीमायन' २०११ मध्ये आलं. त्यात चौकटी नाहीत, कारण माणसांना चौकटीत कोंडायला चित्रकार तयार नव्हते. मला सर्वांत आवडतात ते संवादाचे फुगे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विटाळाची भाषा बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. दुष्टाला कुरूप करण्याची गरजच उरली नाही. माणूस जसा आहे तसाच राहिला आणि विष त्याच्या बोलण्यात दाखवलं. कॅरेक्टर डिझाइनच्या अभ्यासक्रमात मला एकच पुस्तक लावायची परवानगी मिळाली तर मी हे लावीन.

हे सगळं आजच का सांगायचं? एक कारण व्यवहाराचं. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. 'छोटा भीम'पासूनचा काळ पाहिला तर भारतीय मुलांना भारतीय पात्रं हवी असतात हे सिद्ध झालेलं आहे. विदर्भातल्या मुलामुलींना यात नोकऱ्या दिसतात आणि त्यासाठी ती पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. दुसरं कारण यंत्राचं. आता चार शब्द टंकले की संगणक क्षणात चेहरा देतो: सुबक, चकचकीत, आणि या आधीच्या लाखो चेहऱ्यांची सरासरी काढलेला. चेहरा स्वस्त झाला. महाग उरलं ते 'असाच का' याचं उत्तर. मुलाखतीला गेलेल्या विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ चाळणारा माणूसही आता फायनलपेक्षा रफ आधी मागतो, असं या धंद्यातले लोक सांगतात, आणि ते मला सुचिन्ह वाटतं.

नागपुरात या उत्तरांसाठी फार दूर जावं लागत नाही. राज्यातल्या मोजक्या शासकीय कला महाविद्यालयांपैकी एक इथे आहे. १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, जिथे स्केचबुक घेऊन बसलेली मुलं दिसतात. चितारओळीत गणपतीच्या दिवसांत एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती रांगेत असतात आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पापणीची रेघ केसभर वर-खाली करून प्रत्येकीचा स्वभाव बदलतो. टॉफरचा निबंध त्याने वाचलेला नसतो. पूर्वेला वडशाकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे, जिथे रात्रभर चालणाऱ्या नाटकात शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यापर्यंत पात्र पोचवायचं असतं. चाल आणि पोशाख यांचा इतका धीट वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि इथलं ऊन आहे.

उन्हाचं नाव घेतलं ते सहज नव्हे. या पुस्तकातला सर्वांत अस्सल विचार तिथून आलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि नागपूरच्या रस्त्यावरून चेहरे नाहीसे होतात. स्कुटीवरची प्रत्येक मुलगी दुपट्ट्याने डोकं, कान, नाक, तोंड सगळं गुंडाळते. उरतो तो गॉगल, हातांवरचे लांब मोजे आणि बसण्याची ढब. तरीही सिग्नलवर मैत्रीण मैत्रिणीला ओळखते. कशावरून? चित्रकर्तीने पुस्तकातलं मुख्य पात्र याच प्रश्नावर उभं केलं आहे. तिच्या दुपट्टेवालीचा चेहरा पुस्तकात एकदाही दिसत नाही. राग आला की कोपर बाहेर येतो, लाजली की दोन्ही पाय फूटबोर्डवर जवळ येतात, खोटं बोलताना ती दुपट्ट्याची गाठ चाचपते. शंभूच्या टोपीची ही नागपुरी पणती.

बाकीच्या पात्रांविषयी मी मुद्दाम कमी सांगतो. तान्ह्या पोळ्याचा एक लाकडी बैल आहे. त्याला चाकं आहेत, पण मान वळत नाही, म्हणून त्याला जग कायम थोडं उशिरा कळतं. कळमन्याच्या संत्राबाजारातला एक हमाल आहे, ज्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे आणि चित्रकर्तीने त्याला कुठेही केविलवाणा केलेला नाही. एक बडग्या आहे, रद्दी वर्तमानपत्रांचा. त्याला एकच दिवसाचं आयुष्य आहे आणि आपल्याला कोणत्या गुन्ह्यासाठी जाळणार आहेत, ते तो आपल्याच अंगावरच्या बातम्या वाचून शोधतोय. ही कल्पना ज्या दिवशी तिने ऐकवली, त्या दिवशी प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं. आणि खलनायक आहे ते ऊन. त्याला तिने रंगच दिलेला नाही. कोऱ्या कागदाचा पांढरा तेवढा आहे आणि तो पानापानावर बाकीच्यांच्या सावल्या खात जातो. दुष्टाला काळं करायचं नाही, हा निर्णय तिने टिपणात एका ओळीत नोंदवून सोडून दिला आहे. माझ्यासारख्याने त्यावर दोन पानं लिहिली असती.

टिपणांची भाषा इथलीच आहे. सावजी खानावळीच्या मालकिणीच्या चित्राखाली तिने लिहिलंय, 'हे बाई हासत नाई, पण रस्सा दोन डाव जास्त टाकते.' संपादकाने ही वाक्यं प्रमाण मराठीत आणायचं सुचवलं होतं, ते झालं नाही हे बरं झालं. पात्र ज्या बोलीत सुचलं त्या बोलीतच त्याचं कारण नेमकं सांगता येतं.

पुस्तकात उणिवा आहेत. म्हातारी माणसं जवळजवळ नाहीत, आणि जी एक-दोन आहेत त्यांच्या हातांवर सुरकुत्या आहेत, पण म्हातारपण नाही. पाठमोऱ्या आकृतींत तिचा हात अजून बिचकतो. रंगीत पानांवर काही ठिकाणी संगणकाच्या ब्रशचा मोह सुटलेला नाही. तिच्या साध्या बॉलपेनच्या रेघेत जो खरखरीतपणा आहे तो तिथे धुऊन निघतो. हे मी तिला सांगितलं आहे आणि इथे लिहायची परवानगीही घेतली आहे.

पुस्तकाची मांडणी वेगळी आहे, ती वाचायला घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावी. टाकून दिलेली रेखाटनं फायनल चित्रांइतक्याच आकारात छापली आहेत आणि कोणतं का टाकलं ते बाजूला लिहिलं आहे. प्रकाशकाच्या दृष्टीने ही कागदाची उधळपट्टी. शिकणाऱ्याला मात्र खरा माल तिथेच मिळेल, आणि प्रत्येक निर्णयाशी भांडायची सोयही. मी भांडलो आहे. खानावळीच्या मालकिणीचा आकार तिने पातेल्यावरून घेतला, हे उत्तम. पण अंतिम चित्रात मान पूर्ण नाहीशी झाली आणि बाई पातेलंच होऊन बसली. तिसऱ्या रफमध्ये थोडी मान आहे, डोकं गिऱ्हाइकाकडे किंचित कललेलं आहे, आणि तो जास्तीचा रस्सा कुठून येतो ते त्या कलण्यात दिसतं. माझं मत तिसऱ्याला होतं. तिचं म्हणणं, मान दिली की बाई प्रेमळ दिसते, आणि तिला ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. दोन्ही चित्रं समोरासमोरच्या पानांवर आहेत.